दाराखालची फट

"शेगडी जळते त्या खोलीची फट बुजवायची नाही, ताई. ही खोलीतलीच हवा खाते." शेगडीवाला मिस्त्री असं म्हणाला, तेव्हा तिने नुसतं हो-हो केलं होतं. आत्यांच्या खोलीतली, ऊब देणारी गॅसची शेगडी साफ करून तो हात पुसत निघाला होता. हे लोक उगाच घाबरवतात, असं तिला वाटलं. शिवाय घरातली ऊब कशी टिकवायची यावर तिने ढीगभर वाचून ठेवलं होतं.

बाळ झाल्यापासून तिच्या जिवाला एकच घोर लागला होता. हा आपल्याएवढा होईल तेव्हा याच्यासाठी काय उरलेलं असेल? मग ती हाताला येईल ते वाचवायला लागली. नळाला गरम पाणी येईपर्यंत वाहून जाणारं गार पाणी बादलीत धरून झाडांना घालायची. भाज्यांची सालं कुंडीत मुरवायची. जुन्या चादरी फाडून लंगोट शिवायची. नवऱ्याच्या विटलेल्या पँटचे पाय कापून, त्यांत चिंध्या ठासून तिने लांबलचक साप केले आणि ते दारांखाली सारले. नवरा म्हणायचा, आपल्या घरात वारासुद्धा परवानगी काढून येतो.

तिच्या स्वतःच्या घरी असली शेगडी नव्हतीच. वरच्या मजल्यावर दिवसभर ऊन, त्यावर भागायचं. खाली राहणाऱ्या आत्यांकडे मात्र ऊन फिरकत नसे. आत्या म्हणजे नवऱ्याची आत्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त, एकट्या आणि जिभेने तिखट. गुडघे धरले की शेगडी दिवसभर चालू ठेवायच्या. म्हणून मिस्त्री येऊन गेल्यावर एके दिवशी सकाळी हिने त्यांच्या खिडकीच्या फटींवर खळ लावून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, भिंतीतला जाळीचा झरोका पुठ्ठ्याने झाकला आणि दाराशी दोन साप ठेवले.

"पार्सल करून पाठवतेयस की काय मला?" आत्या म्हणाल्या. पण गुडघ्यांना ऊब लागली तशा खूशही झाल्या.

दुपार कशी मधासारखी संथ उतरत होती. बाळ उन्हाच्या चौकोनात झोपलं होतं. चौकोन हळूहळू सरकत होता आणि त्याच्यामागून ती अंथरूण सरकवत होती. दर थोड्या वेळाने ती त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची. श्वास लागला की बोटाला गुदगुल्या व्हायच्या. बाल्कनीत वाळणारे आत्यांचे कपडे वाऱ्यावर हात हलवत होते, जणू तिथे नसलेली माणसं एकमेकांना निरोप देत होती. तिचेही डोळे मिटत आले. एवढं शांत, एवढं कमी लागणारं जग असावं, असं काहीसं तिच्या मनात तरंगत होतं.

रोज चार वाजता आत्या खालून केरसुणीच्या दांड्याने छत ठोकायच्या. दोन ठोके म्हणजे चहाला ये. सव्वाचार झाले, तरी ठोके आले नाहीत. झोपल्या असतील, म्हातारं माणूस, ऊब लागली असेल. ऊब हा शब्द मनात आला मात्र, तिला मिस्त्रीचे काळे हात दिसले.

दोरीवरून काढून ठेवलेल्या आत्यांच्या कपड्यांची टोपली एका कडेवर आणि बाळ दुसऱ्या कडेवर घेऊन ती जिना उतरली. टोपली का उचलली ते तिलाच कळलं नाही. रिकाम्या हाताने गेलं तर भीती खरी ठरेल असं वाटलं असावं. दाराला कडी लावलेली नव्हती, तरी दार सरकेना. आतून साप आडवा आला होता. खांदा लावून तिने ढकललं, तेव्हा कोंदट, दमट ऊब तोंडावर आली. वास कसलाच नव्हता. काचांवरून पाणी ओघळत होतं. शेगडी तांबूस जळत होती आणि तिच्यापुढे खुर्चीत आत्या बसल्या होत्या, गाल लालबुंद, चेहऱ्यावर मंद हसू.

"ये गं," त्या जड जिभेने म्हणाल्या. "बस जरा. किती छान वाटतंय. आई आलीय माझी."

बाळाला या हवेत न्यायचं नव्हतं, आणि जिन्यावर एकटं ठेवायचं तर कठड्याच्या गजांमधल्या फटी रुंद होत्या. अकरा महिन्यांत तिने त्याला नजरेआड केलं नव्हतं. तिने टोपली कठड्यापासून लांब, भिंतीशी ठेवली, आत्यांच्या उबदार कपड्यांत बाळाला बसवलं आणि पाठ फिरवली. श्वास रोखून आत शिरली. शेगडीची चावी बंद केली, खिडकीच्या पट्ट्या टराटरा फाडून दोन्ही कवाडं उघडली, आणि आत्यांना बगलेत धरून ओढत जिन्यावर आणलं. बाळ तोंडात आत्यांचा मोजा धरून बघत होतं. आत्या ओकल्या, मग रडल्या, मग डोकं फुटतंय म्हणून शिव्या देऊ लागल्या. शिव्या ऐकल्या तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. तिने रुग्णवाहिकेला फोन लावला.

दवाखान्यात दोन दिवस आत्यांच्या नाकाला प्राणवायूची नळी होती; हवा कोंडली की शेगडी बिनवासाचा विषारी वायू सोडते, असं डॉक्टर म्हणाले. तिने बाळासकट उशाशी बसून सगळं कबूल केलं, मिस्त्री काय म्हणाला होता तेसुद्धा.

"हवा फुकट असते गं," आत्या म्हणाल्या. "तीही वाचवायला निघालीस?"

ती आजही पाणी धरते, सालं मुरवते, चिंध्या शिवते. वरचे साप वर आहेत. खाली मिस्त्रीकडून तिने झरोका मोकळा करून घेतला आणि हवा बिघडली की केकाटणारं यंत्र भिंतीला बसवलं. आत्यांना गार वाटलं तर त्या आता ऊन असेपर्यंत वरच येऊन बसतात, बाळाच्या चौकोनात.

हे वाचणाऱ्या तुमच्याकडे तिचं एक मागणं आहे. तुमच्याही ओळखीत कुणीतरी असेल, दारंखिडक्या गच्च लावून शेगडीपाशी एकटं बसणारं. कदाचित ती ऊब तुम्हीच मोठ्या मायेने करून दिली असेल. फोन करू नका. फोनवर सगळी माणसं बरीच असतात. चपला घाला आणि जाऊन दार ढकलून बघा.