टाकीची जागा

"अहो, ती झाडं तुमची मोजून होईपर्यंत वाळून जातील," बायको दारातून म्हणाली. "चहा दोनदा गरम केलाय. तिसऱ्यांदा करणार नाही."

"सतराच राहिलीत." ट्रेसरने पडद्यावरून नजर हटवली नाही.

"एखादं कमी काढलं तर काय बिघडतंय? दादा काय विमानातून उतरून झाडं मोजणार आहेत?"

"चित्रात आहेत तेवढी काढायची. एक कमी नाही, एक जास्त नाही."

बायकोने कपाळाला हात लावला आणि चहाचा कप त्याच्या कोपरापासून लांब, सांडणार नाही असा ठेवला. या माणसाची छत्तीस वर्षं नकाशा खात्यात गेली होती. वरून काढलेल्या फोटोवर पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि शाईच्या लेखणीने खालचं दिसेल ते वर उतरवायचं, एवढंच त्याचं काम. त्या कामाला ट्रेसर म्हणत. पुढे ऑफिसात, गल्लीत आणि शेवटी घरातसुद्धा त्याला तेच नाव चिकटलं. नकाशाच्या कोपऱ्यात सही साहेबाची असे. रेघ मात्र याची, आणि त्या रेघेचा त्याला फार अभिमान.

आता तो तेच काम कॉम्प्युटरवर करत होता, दादासाठी.

दादा म्हणजे थोरला भाऊ. तरुणपणी तो शेतांवर फवारणी करणारं छोटं विमान चालवायचा. वर्षभरापूर्वी त्याच्या डोळ्यांनी दगा दिला. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग दिसतो, कडेचं तेवढं नीट दिसतं. तेही फार महिने टिकणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगून टाकलं. मुलीने त्याला घरबसल्या विमान चालवायचा खेळ आणून दिला. मोठा टीव्ही, हातात धरायचा दांडा, सगळं आलं. त्या खेळात म्हणे जग जसंच्या तसं असतं. दादाने पहिल्याच दिवशी आपला जुना विमानतळ शोधला आणि धाकट्याला फोन लावला.

"अरे, इथे काहीच नाही. नुसतं गवत. धावपट्टी नाही, शेड नाही. गाढवं चरायला सोडावीत असं रान झालंय."

"छोटे तळ खेळ बनवणारे भरत नाहीत. ज्याला हवं त्याने स्वतः काढायचं."

"मग तू काढ की. जन्मभर लोकांचं गिरवलंस, आता जरा भावाचं गिरव." मग थोडं थांबून तो म्हणाला, "तिथे माझं एक उतरणं राहिलंय."

या शेवटच्या वाक्यानंतर ट्रेसरला नाही म्हणता आलं नाही.

उपग्रहाने काढलेलं चित्र पडद्यावर घ्यायचं आणि त्यावर माऊसने रेघा ओढायच्या. धावपट्टीचे चार कोपरे झाले, मग विमानांची शेड, कुंपण, रस्ता. रेघ बंद झाली की तिला उंची द्यायची, म्हणजे खेळात तिथे भिंती उभ्या राहतात. उंची चित्रात दिसत नाही, ती सावलीवरून काढावी लागते. तळावरचा झेंड्याचा खांब सहा मीटरचा, हे ट्रेसरला ठाऊक होतं. त्याची सावली मोजली आणि त्या हिशेबाने त्याने सगळ्यांच्या उंच्या बसवल्या. तळ बंद पडून जमाना झाला होता. शेडचं छप्पर उडालं होतं, पट्टीला भेगा गेल्या होत्या. पण वरून सगळं ओळखू येत होतं.

सतरा झाडं संपली. उरली एकच गोष्ट. गेले चार दिवस तो तिच्या आजूबाजूचं सगळं काढत होता आणि फक्त तिला वळसा घालत होता.

पाण्याची टाकी.

बायको खुर्ची ओढून शेजारी बसली. तिलाही ती दिसली.

"ही तीच का?"

"तीच."

"मग ही काढूच नका. त्या टाकीने त्यांचं आयुष्य खाल्लं. म्हातारपणी परत डोळ्यांसमोर कशाला उभी करायची?"

ट्रेसरने चहा उचलला. तो पार थंडगार झाला होता.

त्या तळावर दादाची बदली होऊन आठच दिवस झाले होते. सकाळी धुकं होतं. तेव्हाच्या नव्या नकाशात टाकी धावपट्टीच्या वाटेपासून बरीच बाजूला होती. टाकी आणि पट्टीच्या मधून यायला नकाशात भरपूर जागा दिसत होती, म्हणून दादा आतून आला. पंखाचं टोक टाकीच्या शिडीला लागलं आणि विमान शेतात जाऊन आपटलं. दादाचा गुडघा गेला, आणि चौकशीनंतर परवानाही. वैमानिक वाट सोडून भरकटला, असं अहवालात लिहिलं. दादा म्हणत राहिला की मी सरळच येत होतो, टाकीच आत होती. पुढे तो ट्रकांच्या वजनकाट्यावर चिठ्ठ्या फाडायला बसला. तिथले ड्रायव्हर त्याला टाकीवाले म्हणायचे. "काय टाकीवाले, आज कुठपर्यंत चालत आली टाकी?" सुरुवातीला तो चिडायचा. पुढे तोही हसायला लागला.

"तो नकाशा मी काढला होता," ट्रेसर म्हणाला.

"माहितीये की. तुमच्याच खात्याचा होता."

"तसं नाही. हे बघ." त्याने टाकी पडद्यावर मोठी केली. "फोटो तिरका असला की उंच वस्तू आडवी पडल्यासारखी दिसते. हे वरचं गोल दिसतंय ना, ते टाकीचं डोकं. आणि हे बारीक चार ठिपके, हे पाय. जमिनीवर टाकी कुठे असते?"

"पाय असतील तिथे. एवढं मलाही कळतं."

"मला नाही कळलं. म्हणजे कळत होतं. हेड ड्राफ्ट्समन पहिल्या दिवसापासून बजावायचे, उंच वस्तूचे पाय शोध, डोकं गिरवू नकोस. त्या दिवशी मी डोकं गिरवलं. नकाशात टाकी पंधरा पावलं बाहेर सरकली."

बायको वाकून ते चार ठिपके बघू लागली.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"अहवाल आला त्याच आठवड्यात. कपाटातून फोटो काढून बघितला आणि परत ठेवून दिला. नोकरी तेव्हा सहा महिन्यांच्या करारावर होती. आपलं लग्न नुकतंच झालं होतं. म्हटलं, कायम झालो की सांगू. कायम झाल्यावर म्हटलं, आता काय उपयोग."

"एकेचाळीस वर्षं." तिने कप उचलला, परत ठेवला. "घरात साखर संपली तरी मला सांगता. आणि हे पोटात ठेवलंत." ती उठली. दाराशी जाऊन थांबली. "जाऊबाई अजून मला म्हणतात, तुझा नवरा बरा गं, कधी चुकला नाही कुठे."

ती गेली. टाकी गाळली तर कुणी विचारणार नव्हतं. जुन्या नकाशात होती तिथे ठेवली, तरी दादा खूश होऊन उतरला असता, कारण त्याच्या डोक्यात तोच नकाशा घट्ट बसला होता. ट्रेसरने चित्र आणखी मोठं केलं. चारही ठिपक्यांवर एकेक खूण केली आणि त्या चार पायांवर टाकी उभी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दादाकडे गेला. वहिनी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. त्याने सगळं खेळात भरलं आणि टीव्हीसमोरच्या स्टुलावर बसला. दादाने दुखरा पाय लांब करून दांडा हातात घेतला.

"आकडे मला दिसत नाहीत. बाकी आपण राजे."

विमान रानावरून वळलं. समोर धावपट्टी आली, तिच्या कडेला शेड, मग झाडांची रांग. दादाने तोंड जरा बाजूला फिरवलं होतं. समोरचं बघायला त्याला आता तसंच करावं लागायचं.

"वा रे पठ्ठ्या. कुंपणसुद्धा?"

"सगळं आहे."

विमान खाली येत गेलं. दादाचा हात एकदम थांबला.

"थांबव."

ट्रेसरने बटण दाबलं. विमान हवेत तसंच राहिलं.

"ही टाकी."

"हो."

"नकाशात ही इथे नव्हती."

"नव्हती. पण जमिनीवर इथेच आहे. तेव्हाही इथेच होती." ट्रेसरने टाकीच्या पायांकडे बोट केलं. "नकाशा मी चुकवला, दादा. फोटोतलं डोकं गिरवलं, पाय बघितले नाहीत. तू सरळच येत होतास."

दादाने तोंड आणखी बाजूला वळवून टाकी पुन्हा नीट बघितली. अंगणातून कपडे झटकल्याचा आवाज येत होता.

"कधीपासून माहितीये?"

"अहवाल आला तेव्हापासून."

"हं." दादाने दांडा मांडीवर ठेवला. "दोन-चार वर्षं मी भांडलो सगळ्यांशी. मग मलाच वाटायला लागलं, आपल्याच नजरेत काहीतरी खोट असणार. आणि आता हे डोळे गेले ना, तेव्हा मी हिला म्हणालो, बघ, तेव्हापासूनच असणार हे. ती काही बोलली नाही. तिलाही तसंच वाटत असणार."

माफ कर म्हणावं, तर ट्रेसरला ते चिमटीत मावेल एवढंसं वाटलं.

"हिला बोलाव," दादा म्हणाला.

वहिनी ओले हात पदराला पुसत आल्या. "काय झालं, भाऊजी? बंद पडलं का?"

"काही बंद नाही पडलं," दादा म्हणाला. "पुढे हो आणि टाकी कुठे आहे ते बघ. हा म्हणतो, खरी जागा ही. नकाशा याचा चुकला होता."

वहिनी टीव्हीजवळ गेल्या. त्यांनी टाकीवर बोट ठेवलं आणि तिथून हळूहळू धावपट्टीच्या रेषेपर्यंत आणलं. फार अंतर नव्हतं.

"आत आहे," त्या म्हणाल्या.

"सांगत होतो ना."

"सांगत होतात." त्यांनी बोट खाली घेतलं. "मीच ऐकून घेत होते नुसतं."

मग त्यांनी मान वळवून ट्रेसरकडे बघितलं. त्या काहीतरी बोलतील म्हणून तो उठून उभा राहिला. तो उठला होता त्या स्टुलावर, नवऱ्याच्या शेजारी, त्या बसल्या.

"सोड आता," दादा म्हणाला.

ट्रेसरने मागून वाकून बटण दाबलं. विमान हललं. दादाने दांडा हलकेच कलता केला आणि टाकीच्या बाहेरून मोठा वळसा घेतला. वहिनींनी स्टुलाची कड घट्ट धरली होती.

"उंची?" दादाने मागे न बघता विचारलं.

ट्रेसरने चष्मा सारखा केला. आकडा एकदा वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि मग सांगितला.