पदराआडचा माईक

मी एक जुना माईक आहे. माईक म्हटल्यावर, मित्रांनो, तुमच्या डोळ्यांपुढे मंडपातला तो दांड्यावरचा, हॅलो हॅलो करून कान किटवणारा गडी उभा राहिला असेल. तो मी नव्हे. मी हरभऱ्याच्या दाण्याएवढा. कपड्याच्या आत चिमट्याने बसायचं, कुणाला दिसायचं नाही आणि सगळं ऐकायचं, हा माझा धंदा. ऐकलेलं कुणाला सांगता येत नाही, ही माझी जन्माची तळमळ. आज ती भागवून घेतो.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. आठवतो तो मुंबईतल्या एका मालिकेचा सेट. तिथल्या साउंडवाल्या दादाने मला कुंदा कापगतेच्या पदराआड लावलं. कुंदा गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीकडच्या एका खेड्यातली, उमराव कापगत्यांची मुलगी. या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, आणि ही पोरगी निघाली नटायला. मालिकेत ती धाकट्या जावेचं काम करायची. छातीपाशी राहत असल्यामुळे तिच्या संवादाआधी मला तिचं काळीज ऐकू यायचं. जेवायला उशीर झाला की तिच्या पोटातले कावळेही ऐकू यायचे, आणि सांगतो, ते खरोखरच ओरडतात.

पहिल्याच आठवड्यात दिग्दर्शक म्हणाले, "चेहरा छान आहे. पण बोलण्यात गाव ऐकू येतं." मग तिचा आवाज काढून त्या जागी दुसऱ्या एका बाईंचा आवाज बसवायचं ठरलं. कुंदाने बोलायचं, मी टिपायचं आणि मागाहून कुणीतरी ते पुसून टाकायचं. माझ्या मेहनतीवर रोज पाणी. पहिला भाग लागला त्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला. फोन तिच्या कानाशी होता, तरी मला सगळं ऐकू आलं. तिच्या गावची माणसं फोनवर मोठ्यानेच बोलतात.

"कुंदे, तोंड त तुजंच दिसून राहिलं. पन आवाज कोनाचा होय?"

"टीव्हीत असंच असतं, बाबा," ती म्हणाली. तिचं काळीज तेव्हा जसं धडधडत होतं, ते मी विसरलेलो नाही.

त्या दिवसापासून तिने जिद्दच धरली. मेकअपच्या खोलीत आरशापुढे बसून ती एकेक वाक्य घासून पुसून लख्ख करायची. वर्षभरात तिच्या बोलण्यातलं गाव निघून गेलं. इतकं गेलं की ती वडिलांशीही पुस्तकासारखंच बोलू लागली. पण तोवर प्रेक्षकांना दुसऱ्या बाईंच्या आवाजाची सवय झाली होती. तिसऱ्या वर्षी मालिका संपली. साउंडवाल्या दादाने माझी वायर गुंडाळून मला तिच्या हातात ठेवलं. "तुझा खरा आवाज यानेच ऐकलाय. राहू दे तुझ्याकडे."

ती गावाकडे परत आली, गोंदियाला बी.एड. झाली आणि देवरीजवळच्या एका शाळेत मराठी शिकवू लागली. आणि मी? मी पंधरा वर्षं पावडरच्या रिकाम्या डब्यात पडून. डब्याच्या आतूनही मी तिचे तास ऐकायचा प्रयत्न करायचो, पण डबा घरी आणि शाळा दोन किलोमीटरवर. अशी उपेक्षा शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

मग यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनात तलावावरचं नाटक करायचं ठरलं. कुंदा मॅडमनी मला बाहेर काढलं. देवरीच्या मोबाईलवाल्या देवानंदने मोबाईलला लागेल अशी माझी पिन बदलली, फाटलेल्या वायरला काळी टेप गुंडाळली आणि म्हणाला, "मॅडम, असा माल आता कुठं मिळते?" त्या एका वाक्यावर मी आठवडाभर फुगून होतो.

माझा फुगा लवकरच फुटला. मॅडमनी दार लावून घेतलं आणि आठही पात्रांचे संवाद आपल्याच स्वच्छ आवाजात माझ्यावर बोलून काढले. आवाज भोंग्यावरून वाजणार आणि मुलांनी नुसते ओठ हलवायचे. रेकॉर्डिंगवर नाचायची मुलांना सवयच होती, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला मात्र चैन पडेना. अगं बाई, हेच तर तुझ्याशी केलं होतं! पण मी सांगणार कसा?

नाटकातली म्हातारी सहावीतली सोनू करत होती. तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, गळती लागते, गडीमाणसं नुसती बघत उभी राहतात, तेव्हा ही म्हातारी त्या गळतीवर पाठ टेकून बसते आणि पाळीवर माती पडेपर्यंत हलत नाही. ही गोष्ट सोनूच्या आजीचीच, सुशीलाबाईंच्या आयुष्यात घडलेली. सोनू ओठ फार सुरेख हलवायची. पंधरा दिवस हलवता हलवता ती एरवीही ओठच हलवू लागली. वर्गात हजेरीला नुसता हात वर.

संमेलनाच्या दोन दिवस आधी सुशीलाबाई शाळेत आल्या. मी टेबलावरच होतो.

"मॅडम, पोरगी घरी बी बोलून नाई राहिली. काऊन त म्हनते, माझा आवाज खराब हाय."

"आवाज खराब नाही, आजी. बोलणं सुधारायला हवं," मॅडम म्हणाल्या. "बाहेर गेल्यावर लोक हसतात. मी ते सोसलंय. तिला नको सोसायला."

"लोक हसतीन तवा पाहू. तुमी त आत्ताच तिचं तोंड शिवलं."

सुशीलाबाई निघून गेल्या. पण मॅडमनी माघार काही घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी नाटकाला लागणारा गलका टिपायचा होता. गलका म्हणजे मागची गर्दी: सगळ्यांनी एकदम काहीबाही बडबडायचं, शब्द कळले नाहीत तरी चालतं. मॅडमनी मला सोनूच्या फ्रॉकला लावलं, कारण ती मधोमध बसली होती. पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. एवढ्या कल्लोळात आपलं कोण ऐकणार, असं सोनूला वाटलं असावं. ती हळूच बोलली.

"अवो, टोपले धरून काय पाहून राहिले? माती टाका. मी उठली त पानी बी उठल."

मित्रांनो, मी किती जणींचे संवाद ऐकलेत! असं वाक्य ऐकलं नव्हतं. त्या पोरीच्या छातीत ती म्हातारी खरोखर बसली होती.

मॅडम इअरफोन लावून गलका कापायला बसल्या. ते वाक्य आलं. त्यांनी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. आणखी एकदा ऐकलं. मग इअरफोन काढून त्या रडल्या. मालिकेत रडायला त्यांना डोळ्यांत घालायचं औषध लागायचं; आज लागलं नाही. आपल्या आठही आवाजांचं रेकॉर्डिंग त्यांनी तिथेच पुसून टाकलं.

मुख्याध्यापक छोटेलाल सर हादरले. "मॅडम, उद्या पाहुणे येऊन राहिले. पोरं बोलतीन का?"

"माहीत नाही, सर," मॅडम म्हणाल्या. "पण आता माझा आवाज नाही."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पडदा सरकला. मी सोनूच्या लुगड्याला. समोर अख्खं गाव. गळती लागली, म्हातारी जाऊन बसली, आणि सोनूचं तोंड उघडेना. एक सेकंद, पाच, दहा. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. तिचं काळीज थेट त्या फोनच्या दिवसासारखं धडधडत होतं. मी तडफडत होतो. आपल्याला तोंड असावं असं इतकं कधीच वाटलं नव्हतं.

आणि विंगेतून आवाज आला. मोठा, रांगडा, शेताच्या बांधावरून हाक मारावी तसा.

"काऊन वो बुढे! तिथं कायले बसून राहिली?"

मी तो आवाज ओळखला. अठरा वर्षांपूर्वी मी तो रोज टिपायचो आणि रोज पुसला जायचा. पाहुण्यांच्या रांगेत बसलेले तिचे म्हातारे बाबा, उमराव, खुर्चीवरून अर्धे उठले.

सोनूने मान वळवली. "मी उठली त पानी बी उठल," ती म्हणाली. "माती आना." त्यानंतर ती पोरगी कुणाच्या बापाला आटोपली नाही. मध्ये दोनदा चुकली, एकदा गडी झालेल्या हिमांशूचा संवाद स्वतःच बोलून मोकळी झाली. लोक हसले, पण जिथे हसायचं तिथेच.

आता माझं वय झालंय. टेपखालची तार कधी तुटेल सांगता येत नाही. मला पुन्हा डब्यात ठेवू नका, वायर ओढून काढू नका, एवढं तर मी मागणारच. पण माझी खरी विनवणी दुसरी आहे. त्या नाटकाचं रेकॉर्डिंग शाळेच्या ग्रुपवर टाकताना छोटेलाल सर म्हणाले, "मॅडम, मधात बारा सेकंद कोनीच नाई बोलत. तेवढं कापून टाका."

"नाही कापत, सर," मॅडम म्हणाल्या. "ते तिचंच हाय."

तुमच्या शेजारच्या बाकावरही कुणी गप्प बसलेलं असेल. त्याच्या वतीने बोलू नका, मित्रांनो. बारा सेकंद थांबा.