काका, जरा सांभाळून

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचा जीव त्या दिवशी सकाळपासूनच थाऱ्यावर नव्हता. चष्म्याच्या दुकानाचे मालक, त्यांचे शाळेतले मित्र, बरीच वर्षं परगावी काढून परत आले होते आणि आज नवं घर दाखवायला आग्रहाने नेत होते. म्हणजे त्यांच्या सर्जन मुलाचं कौतुक ऐकणं आलंच.

लिफ्टचं दार लागताच सुरुवात झाली. "चिरंजीव विभागप्रमुख झाले बरं का! तुझी लेक काय म्हणते? अजून त्याच हॉटेलात मॅनेजर?"

"हो, हो. आता प्रमोशन होईल," मास्तरांनी ठोकून दिलं.

लेकीने हॉटेल कधीच सोडलं होतं. ती लिफ्टदुरुस्तीच्या कामाला लागली होती आणि खुशीत होती. "चार लोकांत एवढ्यात बोलू नकोस," असं मास्तर म्हणाले, तेव्हा ती भरल्या ताटावरून उठून गेली होती.

लिफ्ट गचका खाऊन मध्येच थांबली. चष्मेवाल्यांनी सगळी बटणं दाबली, दार बडवलं, वॉचमनला फोन केला. "मेकॅनिक निघालाय म्हणे."

या भागातल्या लिफ्ट लेकीकडे आहेत का, हे मास्तरांनी तिला कधी विचारलंच नव्हतं. ते उगीच मान पुसत राहिले. चष्मेवाल्यांचं पुराणही हळूहळू आटलं. त्यांनी मुलाला फोन लावला, बराच वेळ वाजू दिला, मग खिशात टाकला. "ऑपरेशनमध्ये असेल. नेहमी असतो."

वर खडखड झाली. लिफ्ट थोडी सरकली, दार उघडलं. समोर लेकच उभी, हात ग्रीसने काळे. तिने आधी बापाकडे पाहिलं, मग शेजारच्या गृहस्थांकडे.

"काका, जरा सांभाळून. मजला वर राहिलाय," ती बापाला म्हणाली आणि हात पुढे केला.

मास्तर तो हात धरून बाहेर आले. वर "थँक्यू" म्हणाले!

"कमाल आहे बुवा," चष्मेवाले जिना चढता चढता म्हणाले. "मुलीच्या जातीनं हे काम करायचं? आईबापांना काय वाटत असेल?"

नव्या घरात मास्तरांना धड काही दिसलं नाही. बसले, उठले, खिडकीशी गेले, पुन्हा बसले. चहा पुढे आला तसे ते ताडकन उभे राहिले आणि जिना उतरू लागले.

"अरे, चहा!" चष्मेवाले मागून धावले.

खाली लेक हत्यारांची पिशवी खांद्याला लावत होती.

"ही माझी मुलगी," मास्तर म्हणाले. आवाज नको इतका मोठा लागला. "हॉटेल तिनं केव्हाच सोडलंय. मीच तुला थापा मारत होतो."

चष्मेवाले दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. "अरे, मग मघाशी..."

"मघाशीच सांगायचं होतं, बाबा," लेक म्हणाली.

"हो. चुकलं माझं."

"मला पलीकडच्या इमारतीत जायचंय. घरी बोलू."

ती निघाली. मित्राला तिथेच सोडून मास्तरही तिच्या मागे फाटकाबाहेर पडले. तिने वळून पाहिलं नाही. चाल मात्र जराशी मंदावली, आणि मास्तर भराभर पाय उचलू लागले.