निम्मी गाडी बाबांची, निम्मी काकांची

घरच्या रेसिंग टीमची ही तिसरी गाडी. आधीच्या दोन गाड्यांसारखीच तीही कधी पहिली आली नव्हती. याचं कारण घरात दोघांना पक्कं ठाऊक होतं. फक्त दोघांची कारणं वेगळी होती. बाबांच्या मते त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे काका, इंजिन मुद्दाम मवाळ ठेवत होता. आजोबांनी थोरल्याच्या हाती स्टिअरिंग दिलं आणि धाकट्याच्या हाती पाना, तो राग. काकांच्या मते सरळ पट्टा आला की बाबांची छाती धडधडायची आणि पेडलवरचा पाय आपोआप उचलला जायचा. "नाचता येईना, अंगण वाकडं," एवढं पुटपुटून काका बॉनेटखाली डोकं घालत.

दोघांचं बोलणं कधीच बंद झालं होतं. गाडीसुद्धा त्यांनी वाटून घेतली होती. इंजिन आणि सीट यांच्यामध्ये जो पत्रा असतो, त्याच्या पुढचं सगळं काकांचं, मागचं सगळं बाबांचं. पलीकडे कुणी हात लावायचा नाही. मध्ये त्यांची बहीण, गळ्यात स्टॉपवॉच घालून निरोप पोचवणारी.

"त्याला सांग, क्लच जड झालाय."

"त्याला सांग, तुझा पाय हलका झालाय."

"मला काय टपाल खातं समजलात?" आत्या म्हणायची, आणि तरी निरोप पोचवायची.

एक रीत मात्र दोघंही पाळत. आजोबांनी पहिल्या गाडीत बसवलेलं अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल, खालच्या पट्टीसकट उचलून, प्रत्येक नव्या गाडीत जायचं. ते बसवायची आत्या, आणि शर्यतीआधी फडक्यानं पुसायचीही आत्याच.

यंदा बाबांचा गुडघा गेला आणि सीटवर त्यांची मुलगी आली. घरात तिला बारकी म्हणत. ती भौतिकशास्त्र शिकली होती आणि जेवताना मिठाबद्दलसुद्धा पुरावा मागायची. पहिल्याच शर्यतीत तिनं पेडल तळापर्यंत दाबून धरलं, तरी सरळ पट्ट्यावर मागच्या गाड्या तिला ओलांडून गेल्या. म्हणजे बाबा घाबरत नव्हते. मग उरलं कोण?

"मी काय सांगत होतो?" बाबा म्हणाले. "उद्याच्या शर्यतीतही असंच झालं, तर इंजिन बाहेरच्या गॅरेजला देतो. त्याला म्हणावं, घरी बस."

बारकीला ते पटेना. काकांना लग्न नाही, मूलबाळ नाही. गाडीच्या शेडबाहेर त्यांना जगच नव्हतं. गाडीपासून तोडलं तर ते नुसते भिंतीकडे बघत बसतील. पण तिचा स्वतःचाही संशय त्यांच्यावरच होता, आणि तोच तिला खात होता.

तिनं सापळा लावला. सरावाच्या फेरीआधी काकांनी नेहमीप्रमाणे बॉनेट उघडून थ्रॉटल, म्हणजे इंजिनाला हवा सोडणारी झडप, हातानं ओढला. इंजिन असं गरजलं की शेजारच्या तंबूतली माणसं वळून बघू लागली.

"ऐकलंस? याला मवाळ म्हणतात होय?" काका म्हणाले. "सांग जाऊन त्या शूरवीराला."

त्यांनी बॉनेट लावताच बारकीनं डोक्यातला एक केस उपटून फटीवर आडवा चिकटवला. पुन्हा कुणी बॉनेट उघडलं, तर केस तुटणार. मग ती फेरी मारून आली. गाडी तशीच रडतखडत धावली. केस जागच्या जागी होता.

ती तिथंच टायरवर बसून राहिली. इंजिन तेच, मधे कुणाचा हात लागलेला नाही. तरीही आत्ताची ती गर्जना तिला सीटवरून एकदाही ऐकू आली नव्हती. मग फरक कशात? काका हातानं ओढतात, आपण पायानं दाबतो. आणि दोन्ही एकाच वेळी कुणीच बघितलेलं नाही, कारण त्यासाठी एकानं सीटवर बसावं लागतं, दुसऱ्यानं इंजिनापाशी उभं राहावं लागतं, आणि "दाब रे" असं म्हणावं लागतं.

इंजिन बंद ठेवून तिनं पेडलवर एक जुनी बॅटरी ठेवली आणि पुढे जाऊन बघितलं. थ्रॉटलची झडप अर्ध्याहून थोडीच जास्त उघडली होती. ती परत मागे आली, पालथी पडली आणि टॉर्च मारला. पेडलखालच्या पट्टीत एक बोल्ट उभा होता. पेडल त्याच्यावर टेकायचं, आणि चालवणाऱ्याला वाटायचं, तळ आला.

बोल्ट हातानं फिरवताच सुटला. तो जुनाट होता, पण गंज औषधालाही नव्हता. आट्यांवर ताजं तेल होतं.

तंबूत दोघं भाऊ एकमेकांकडे पाठ करून चहा पीत होते. बारकीनं बोल्ट हत्यारांच्या पेटीवर ठेवला.

"हा आजोबांच्या पेडलखाली होता. याच्यामुळे थ्रॉटल पूर्ण उघडतच नव्हता."

बाबांनी तो उचलला, बोटांवर तेल चोळलं. काकांनी ते तेल बघितलं. मग कित्येक वर्षांनी दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं, आणि एकाच दमात म्हणाले, "तू?"

"मी," मागून आत्या म्हणाली.

दोघंही तिच्याकडे वळले.

"लावला आपल्या बाबांनी, हिच्या आजोबांनी. तुम्ही दोघं गाडी शिकत होतात तेव्हा वारा प्यालेल्या वासरासारखे उधळायचात. शिकलात की काढू म्हणाले, आणि तेच गेले. मला कुणी काढ म्हणालं नाही."

"तेल कुणी लावलं?" बारकीनं विचारलं.

"गंजून तुटला असता तर?"

"आत्या, हे दोघं एकमेकांना चोर समजत होते!"

"समजू देत की. दोघंही घरी जेवायला परत यायचे ना?"

काकांनी कप खाली ठेवला. ते बहिणीवर ओरडणार, असं बारकीला वाटलं. पण ते बाबांकडे वळले.

"आता ही सुसाट सुटेल. ब्रेक बघितलेस?"

"एवढ्या वेगाला नाही बघितले," बाबा म्हणाले. "तू ये ना. मी दाबतो, तू पुढून बघ."

दोघं गाडीकडे गेले. पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी "दाब", "सोड", "अरे सोड म्हटलं ना, बहिऱ्या!" असं बराच वेळ चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी शर्यतीआधी आत्या रिवाजाप्रमाणे फडकं घेऊन आली, वाकली, पेडल पुसून उठली. बारकी हेल्मेट हातात धरून बाजूला उभी होती. आत्या दूर गेल्यासारखं वाटल्यावर ती खाली वाकली आणि पेडलखाली टॉर्च मारला. पट्टीतलं भोक रिकामं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी तिनं पेडल एकदा हातानं तळापर्यंत दाबून बघितलं.

"बघितलंस?" आत्या गेलीच नव्हती.

"बघितलं."

"दर वेळी बघत जा," आत्या म्हणाली, आणि स्टॉपवॉच शून्यावर आणून कुंपणाकडे चालू लागली.