छोटूच्या कापडावरचं ‘हो’

कुबड्या टेकत ती बाई पहिल्यांदा दारात उभी राहिली, तेव्हाच ताईला वाटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. उगाच कोण येतं कुणाच्या घरी? तेही दर मंगळवारी, चारच्या ठोक्याला, आणि येऊन विचारतं कुणाला, तर छोटूला!

छोटू म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. वय अडतीस, पण ‘छोटू’ काही सुटलं नव्हतं. जन्मापासून हातपाय त्याच्या ताब्यात नव्हते आणि तोंडातून शब्दाऐवजी नुसता आवाज निघायचा. डोकं मात्र लख्ख. त्याच्या चाकाच्या खुर्चीला पुढे फळी होती आणि फळीवर ताईनं वीस वर्षांपूर्वी शिवलेलं जाड कापड. त्यावर दोऱ्यानं भरलेली सगळी अक्षरं, काना-मात्रा, आणि खालच्या ओळीत रोजच्या कामाचे तयार शब्द: पाणी, भूक, झोप, दुखतंय, ताई, हो. अंगठा मुठीत दाबून मधल्या बोटाच्या पेरानं छोटू एकेक अक्षर दाखवायचा. त्यानं पहिलं अक्षर दाखवलं की पुढचं सगळं ताईच बोलून मोकळी व्हायची. दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईला एवढा वेळ कुठला?

बाई म्हणाली, मी एका संशोधन केंद्राकडून आलेय. ताईला आधी तिच्या कुबड्याच खोट्या वाटल्या. दया यावी म्हणून लोक काय वाटेल ते करतात. पण शिंपिणीची नजर ती. बाईनं पाण्याचा पेला घ्यायला हात उचलला, तेव्हा काखेतलं कापड विरून त्याची जाळी झालेली दिसली. म्हणजे कुबड्या खऱ्या होत्या. मग बाई खोटी असणार, एवढंच.

“दार लावून घेतलं तर चालेल ना, ताई?” बाईनं विचारलं.

“का? माझ्यासमोर विचारण्यासारखं नाही की काय?”

“तसं नाही. त्यांना सावकाश बोलायचंय.”

“तो बोलतच नाही मुळी. त्याचं सगळं मीच सांगते.”

बाई हसली आणि तिनं वहीत काहीतरी लिहिलं. ते लिहिणं ताईच्या डोक्यात गेलं.

खरं सांगायचं तर चोराच्या मनात चांदणं. मशीनच्या खणात, रिळांच्या खाली, ताईनं एका अर्जाची पोच लपवली होती. मागच्या थंडीत छोटूला पलंगावरून उचलताना तिच्या कमरेत जी चमक भरली, ती अजून गेली नव्हती. साठी उंबरठ्यावर आलेली. आपल्यामागे याचं कोण, या विचारानं ती रात्र रात्र जागायची. गावाबाहेरची एक संस्था छोटूला कायमचं ठेवून घ्यायला तयार होती, पण ताई त्याची कायदेशीर पालक झाली तरच; अर्ज त्याचाच होता. मग तो कुठं राहणार, काय करणार, सगळं तिच्या सहीवर. येत्या शुक्रवारी सरकारी तपासणीस घरी येऊन छोटूची संमती विचारणार होता. छोटूला यातलं काही ठाऊक नव्हतं. औषधाचे कागद आहेत, असं सांगून तिनं वेळ मारून नेली होती. आणि नेमकी याच वेळी ही बाई उगवावी?

कुणीतरी तिला पाठवलंय, हे ताईनं पक्कं केलं. मंगळवारी दार लागलं की ती मशीन थांबवून भिंतीला कान लावायची. आतून काहीच ऐकू यायचं नाही. बाई एक प्रश्न विचारायची आणि मग नुसती शांतता, इतकी लांब की बाईला डुलकी लागली असावी असं वाटायचं. मध्येच छोटूच्या हसण्याचा आवाज यायचा. तो ताईला सगळ्यात जास्त टोचायचा.

बुधवारी दुपारी छोटूचा डोळा लागला, तेव्हा तिनं खुर्चीमागच्या पिशवीत हात घातला. आत कागद होते. वर लिहिलं होतं: ‘माझ्या घरी माझी उत्तरं कोण देतं?’ त्याखाली ‘संशोधक’, आणि त्या शब्दापुढे बाईचं नाव नव्हतं. छोटूच्या अंगठ्याचा ठसा होता.

ताईनं ते पुन्हा वाचलं. तिला वाटत होतं, बाई छोटूवर संशोधन करतेय. इथं तर छोटूच ताईवर करत होता!

खाली रकाने आखलेले. अक्षर बाईचं, पण भाषा छोटूची. ‘चहा हवा का? उत्तर दिलं ताईनं, दोन सेकंदांत. थंडी वाजते का? ताईनं, एका सेकंदात. आज कुठला शर्ट? ताईनं, प्रश्न संपायच्या आत.’ त्यापुढे बारीक अक्षरात: ‘मला निळा हवा होता.’ आणि शेवटी: ‘माझं उत्तर पुरं व्हायला लागतात पन्नास सेकंद. ताई वाईट नाही. ताईला घाई आहे.’

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. छोटू जागा होताच तिनं कागद त्याच्यासमोर धरले.

“माझ्यावर हेरगिरी? मी तुला भरवायचं, न्हाऊ घालायचं, आणि तू भिंतीवरच्या घड्याळात माझे सेकंद मोजत बसायचं? त्या बाईनं शिकवलं ना हे? बोल!”

छोटूचा हात उठला, डगमगला, कापडाकडे निघाला. पण ताई तोवर तणतणत मशीनवर जाऊन बसली होती. दोन शिवणी घातल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण ‘बोल’ म्हणालो आणि थांबलो नाही. उठून परत जायला तिला लाज वाटली. संध्याकाळी तिनं निळा शर्ट काढून ठेवला.

शुक्रवारी तपासणीस आला. गडी घाईत होता. दारातूनच म्हणाला, “अजून तीन घरं आहेत मला. यांना कळतं ना?”

“सगळं कळतं,” ताई म्हणाली.

तरी त्यानं छोटूच्या कानाशी वाकून, बहिऱ्याशी बोलावं तसं खच्चून विचारलं, “या तुमच्या कायदेशीर पालक झाल्या, तर तुम्हाला संस्थेत ठेवणार! संमती आहे का?”

त्या आवाजानं छोटू दचकला. आडव्यातिडव्या उसळलेल्या हाताचा पंजा धाडकन कापडावर आदळला, थेट खालच्या ओळीत. ‘हो’वर.

“झालं,” तपासणीस म्हणाला आणि त्यानं पेनाचं टोपण काढलं.

ताईनं तो हात पाहिला. बोटं पसरलेली, अंगठा बाहेर. दचकल्यावर छोटूचा हात असाच पडायचा. बोलताना त्याचा अंगठा मुठीत असतो, हे जगात तिच्याशिवाय एका कुबड्यांवाल्या बाईलाच माहीत असेल. गप्प बसलं की काम फत्ते. कंबरही सुटली, काळजीही सुटली. आणि छोटू तिच्याकडे बघत होता. रागानं नाही. ही आता किती सेकंदांत उत्तर देते, हे मोजत असल्यासारखा.

“थांबा,” ताई म्हणाली. “ते त्याचं उत्तर नव्हे.”

“अहो, ‘हो’वर हात ठेवला की त्यांनी.”

“पडला. ठेवला नाही. खुर्ची घ्या, बसा. पन्नास सेकंद लागतात त्याला.”

तपासणीसानं घड्याळ पाहिलं, पण तो बसला. छोटूनं अंगठा मुठीत दाबला. पेर ‘न’वर टेकलं. ताईच्या जिभेवर अख्खा शब्द आला. तिनं तो गिळला. तेव्हा कुठं तिला दिसलं की आपण सहा शब्द भरले, त्यात ‘हो’ आहे, पण ‘नाही’ नाही. वीस वर्षं पोराला नकार द्यायचा तर अक्षरं जुळवत बसावं लागत होतं, आणि पहिल्याच अक्षराला ती पुढचं स्वतःच बोलून टाकत होती.

पेर पुढे सरकत राहिलं. पन्नासाचे शंभर झाले, शंभराचे दोनशे. तपासणीसाला अक्षरांची संगती लागेना.

“काय म्हणतायत?”

ताईनं वाचून दाखवलं, जसंच्या तसं. “‘नाही. मला कुणी विचारलं नाही.’”

“म्हणजे?”

“म्हणजे मी विचारलं नाही,” ताई म्हणाली.

मग तिनं स्टूल ओढून छोटूच्या समोर घेतलं.

“छोटू, माझ्यानं आता तुला उचलवत नाही रे. मला भीती वाटते. तू सांग, तुला कुठं राहायचंय?”

छोटूचा हात उठला. ताईनं दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरले आणि ती थांबली.