तिसऱ्या पायरीचे पाणी

ओढ्यावरचा मातीचा बांध आम्ही वैशाखात पुरा केला. लांबी दोनशे दहा फूट, उंची चौदा. पोटात चोपलेली काळी माती, वरून मुरूम, पाण्याकडच्या अंगाला दगड आणि तळाशी एक मोरी. कितीही पाऊस झाला तरी मोरीतून ठरावीकच पाणी खाली जायचे. उरलेले बांधाआड थांबून सावकाश उतरायचे. सदलग्याच्या वाटेवरच्या या गावात दर पावसाळ्यात पूर शिरत असे, आणि ओढ्याकाठचे गुणाबाईचे घर वीस वर्षांत चारदा पडले होते. बी.एस्सी. झाल्यावर मला मिळालेले हे पहिलेच काम.

आषाढात तीन दिवस झड लागली. बांधाआड नऊ फूट पाणी तुंबले आणि खाली गावात ओढा घोट्याएवढा वाहत राहिला. मी आकडे वहीत उतरवत होतो, तेवढ्यात मारुतीराव पाटील आले.

"सायेब, पूर कवा सोडताय?"

ते थट्टा करत नव्हते. पावसाळा लागला की गावातल्या सुनांनी ओढा ओलांडायचा नाही, असा इथला रिवाज. पुराचे पाणी लक्ष्मीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीला लागायचे, बायका ओटी भरायच्या, पूर ओसरला की सुना नागपंचमीला माहेरी निघायच्या. मोठा लोंढा येऊन गेल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये, यात शहाणपण होतेच. पण आता पंचमी पाच दिवसांवर आली होती आणि पायरी कोरडी होती.

पलीकडच्या काठावर बहिणींना न्यायला आलेले अकरा भाऊ गाड्या सोडून बसले होते. भावांना बंदी नव्हती. ते दिवसातून दोनदा ओढा ओलांडून बहिणीकडे जेवायला येत, हात धूत आणि परत पलीकडे जाऊन वाट बघत. त्यांच्यातला रवळू हा गुणाबाईच्या सुनेचा, आक्काताईचा भाऊ. त्याला मी म्हटले, "घोटाभर पाणी आहे. घेऊन जा की तिला."

"पूर वसरल्याबिगर कसं न्हेऊ?"

"पूर आलाच नाही."

"म्हंजे वसरलाबी न्हाय."

"मग बांधावरून न्या."

"बांधाच्या खाली वडाच हाय की, सायेब."

संध्याकाळी देवळापुढे गाव जमला. पायरीवर घागर ओतावी असे कुणीतरी सुचवले. भरमू गुरवाने विचारले, "घागरीनं पूर येतो व्हय रं?" मग पाटील माझ्याकडे वळले. "बांध एका अंगाला हातभर फोडू. पायरी भिजली की बुजवू."

मातीचा बांध हातभर फुटत नाही. फुटला की पाणीच त्याची रुंदी ठरवते. हे पटवायला मी लेव्हल लावून दोन उंच्या मोजल्या. तिसरी पायरी ओढ्याच्या तळापासून पाच फूट दोन इंच, गुणाबाईचा उंबरा चार फूट नऊ इंच. म्हणजे पायरी भिजते तेव्हा गुणाबाईच्या घरात पाच इंच पाणी असते. आजवर गावातली प्रत्येक सून माहेरी गेली ती गुणाबाईची चूल विझवून.

"हे मला ठावं हाय," गुणाबाई म्हणाली. "तुमाला मोजाय लागलं."

"गुणाक्का, तुझीबी सून अडकलीया," पाटील म्हणाले.

"व्हय. आणि ती परत येईल ती कुठल्या घरात?"

मग तीच म्हणाली, "पाणी पायरीकडं येत न्हाय, तर पायरीला न्या पाण्याकडं. ती काय सून हाय? तिला वड्याची बंदी न्हाय."

भरमूने खूप वेळ विचार केला आणि हरकत सापडत नाही असे कबूल केले.

दुसऱ्या दिवशी आठ जणांनी पहारी घालून तिसरी पायरी काढली. चार फूट लांब, एक फूट रुंद, नऊ इंच जाड, वजन सुमारे साडेपाचशे पौंड. वाजतगाजत ती बांधावर नेली आणि पाण्याच्या कडेला बसवली. पाणी तोवर उतरून चार फुटांवर आले होते. दगड किती उंचीवर बसवावा हे मला कुणी विचारले नाही, आणि बांध वाचल्याच्या आनंदात मलाही सुचले नाही. ओटी भरली. दुपारी पाणी पायरीखाली दोन इंच गेले, तेव्हा पूर ओसरल्याचे मला उभे राहून मोठ्याने सांगावे लागले. अकरा गाड्या जुंपल्या गेल्या.

ओटी घेतलेली पायरी मागे नेता येत नाही, असे भरमूने नंतर सांगितले. तेव्हापासून देवळात दुसरीवरून चौथीवर ढांग टाकावी लागते.

पुढच्या वर्षी मृगाच्या चौथ्याच दिवशी बांधाआड चार फूट पाणी आले. पायरी भिजली, दोन दिवसांत पाणी उतरलेही. रिवाजाप्रमाणे वाट मोकळी झाली. पंचमीला दोन महिने होते, पण सुना थांबल्या नाहीत. भांगलणीच्या, तण खुरपायच्या तोंडावर अकरा गाड्या ओढा ओलांडून गेल्या आणि गावातल्या सासवा दळणाला बसल्या.

मी नोंदी घ्यायला गेलो तेव्हा गुणाबाईच्या घराची जमीन कोरडी, भिंती कोरड्या होत्या. ती एकटीच जात्यापाशी बसली होती.

"सायेब, तेवढा दगड जरा वर घ्या की."

मी वही उघडली. "कितीने?"

"पंचमीपतूर," ती म्हणाली आणि खुंटा धरला.