पुंगळीच्या तळाशी

"बोट काढ चापावरून! आर्लिस, बोट काढ!"

चांदमारीच्या मैदानाची देखरेख करणारा वेंडेल ओरडत धावला. आर्लिस हॉगनने बंदूक अलगद टेबलावर टेकवली. तिच्यामागे उभा असलेला तिचा नवरा डेलबर्ट गोंधळून पाहत राहिला.

"काय झालं रे?"

"अरे, बार कुठे झाला? नुसतं फुस्स झालं. ऐकलं नाहीस?"

डेलबर्टने ऐकले नव्हते. वेंडेलने भरलेले काडतूस काढले आणि नळीच्या तोंडातून गज आत सारला; तो निम्म्यावर अडला. आठवी गोळी आतच रुतली होती आणि आर्लिसने नववी भरली होती. ती सुटती, तर नळी आर्लिसच्या चेहऱ्यासमोरच फाटली असती.

"त्या काडतुसाच्या पुंगळीत दारूच नव्हती, डेल. गोळी नुसत्या बुडाच्या ठिणगीच्या टोपीवर गेली."

"टॉर्च मारून पाहिलं होतं मी. एकेक!"

"पाहिलं असशील रे," वेंडेल खाली मान घालून म्हणाला. घरी काडतुसे भरण्याची कला त्याला डेलबर्टनेच शिकवली होती.

खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर आर्लिसला पूर्ण दारूच्या काडतुसाचा धक्का सोसवेना. परंतु मोंटानातली हरणांची शिकार सोडणे हा तिच्या लेखी जिवंतपणीचा मृत्यू होता. म्हणून डेलबर्ट तिच्यासाठी हलकी काडतुसे भरी. पुस्तकात दिलेल्या हलक्या मापाहून तो रतीभरही खाली जात नसे. टेबलावर दारूचा दुसरा डबा ठेवत नसे. मध्येच फोन वाजला तरी उठत नसे. हलके माप पुंगळीच्या तळाशीच राहते. शून्य, एक आणि दोन मापे वरवर पाहता सारखीच भासतात; आणि दोन मापांनी बंदूकच फुटते. म्हणूनच गोळी बसवण्यापूर्वी टॉर्च.

दुपारी गॅरेजमध्ये उरलेली बेचाळीस काडतुसे उघडण्यास उभयतांनी आरंभ केला. तो काडतूस खास पोकळ हातोडीत अडकवून ठोकी आणि गोळी सोडवी. आर्लिस आतली दारू पांढऱ्या कागदावर ओती. सत्ताविसाव्या काडतुसाला तिचा हात थबकला.

"काय गं?"

"काही नाही. पाठीत उसण भरली मेली."

"सगळ्या सारख्याच ना?"

"सारख्याच. ठोक की पुढची! का संध्याकाळ करतोस?"

डेलबर्टने पुढची ठोकली. पन्नास मापे त्याने स्वहस्ते तोलली होती; एका पुंगळीत न पडलेले माप दुसरीत पडलेच असणार, हे त्याला कोणी सांगावयास नको होते.

शेवटची उघडून झाल्यावर तो म्हणाला, "दुकानात हलकी विकत मिळतात म्हणे."

"मिळतात. पण तुझ्या हाताची सर नाही त्यांना," असे म्हणून ती घाईघाईने आत गेली.

तो एकटाच उरला. त्याने एक रिकामी पुंगळी उचलून आत टॉर्चचा झोत सोडला. तळाशी करड्या दारूचा थर त्याला स्पष्ट दिसला.

त्याने पुंगळी तळहातावर उलटी केली. काहीच पडले नाही.

डोळे चोळून त्याने पुन्हा आत पाहिले. थर तिथेच होता.